बाकी

डलूथ. पहाटेचे तीन दहा. बाहेर उणे एकतीस,
तळं इतकं गोठलंय की मधूनच
कुणी फळी मोडावी तसा आवाज येतो.
आत आम्ही दोघं: मी, आणि डेल सोरेन्सन,
जो सव्वीस वर्षं सूर्यफुलाच्या बिया सोलत
अर्ध्या मुलखाला उजेड पुरवतो.

वीज कुणी पाहत नाही. आम्हीही नाही.
आमच्याकडे येतात फक्त आकडे,
बाराशे मीटर, दर चार सेकंदांनी,
आणि प्रत्येक जण थोडं थोडं खोटं बोलतो.
कुणी म्हातारा झालाय, कुणाला थंडी बाधते,
एकाची तार कुणीतरी ब्याण्णव साली उलटी जोडली,
तेव्हापासून तो येणाऱ्याला जाणारा म्हणतो.
मग वजनं द्यायची.
ज्याची चूक लहान, त्याच्या शब्दाला भार जास्त.
सगळ्यांचं ऐकायचं, कुणाचंच पूर्ण मानायचं नाही,
आणि शोधायची अशी एक अवस्था
जिच्यावर सगळ्यांची मिळून नाराजी
सर्वांत कमी.

त्याआधी एका ठिकाणाला शून्य म्हणावं लागतं.
सगळे कोन तिथून मोजायचे.
ते ठिकाण खास नसतं,
ते हलत नाही असं फक्त धरून चालायचं.
आमचं शून्य बघायला मी एकदा मुद्दाम गेले होते:
कुंपण, खडी, धोक्याची पाटी,
आणि पाटीवर बसलेला एक कावळा.

आज हिशेब जुळेना.
दर दोन मिनिटांनी यंत्र गणित मांडी, वीस फेऱ्या मारी
आणि हात वर करी.
एस्कोच्या लाइनवरचा मीटर म्हणत होता, एक्केचाळीस मेगावॅट.
नकाशा म्हणत होता, तिथला ब्रेकर उघडा आहे.
(उघडा म्हणजे वाट बंद.
ही भाषा अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.)

नोंदी मागे मागे उलगडत गेले.
ऑक्टोबरपासून तो एकटाच बोलत होता.
तेव्हा म्हणायचा तीन, कधी चार,
आणि प्रत्येक वेळी समोर तोच शेरा:
वाईट आकडा, वगळला.
साठ हजारांवर वेळा.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
इथे तर अकराशे नव्याण्णव मुखं होती.

डेलने आर्नी हूतालाला उठवलं.
चाळीस मिनिटं ट्रक, मग फोनवर वारा,
मग आर्नीचा श्वास, मिशीतून येणारा:
"खूण लाल आहे. ब्रेकर लागलेलाच आहे.
लाइन गुणगुणतेय, तुम्हाला ऐकू येतंय का?"
येत नव्हतं.
पेटी उघडल्यावर सापडलं,
कुंभारीण माशीचं मातीचं घर,
अंगठ्याएवढं, कॉन्टॅक्टच्या फटीत,
निरोप देणाऱ्या जिभेखाली नेमकं.
ती हिवाळ्याआधीच मेली असणार.

मी नकाशावर तो ब्रेकर हाताने लावला.
तीन फेऱ्यांत गणित सुटलं.
सगळे कोन आपापल्या जागी जाऊन बसले,
वर्गात मास्तर आल्यासारखे.
मीटरने आपला आकडा बदलला नाही.
एक्केचाळीस. पुन्हा एक्केचाळीस.
त्याला काही कळलंच नव्हतं,
ना वगळलेलं, ना आता मानलेलं.

डेलने बियांची पिशवी माझ्याकडे सरकवली.
हे त्याच्याकडचं सर्वांत लांब भाषण.

लॉगमध्ये लिहिलं: एस्को, ब्रेकरची स्थिती चुकीची, दुरुस्त.
बाकी सगळं ठीक.
आणि 'बाकी'पाशी पेन थांबलं.
मोजलेलं आणि मानलेलं यांच्यात जे उरतं
त्याला आम्ही याच नावाने ओळखतो.

उजाडायला अजून तीन तास.
वगळलेल्यांची यादी उघडली.
अजून सतरा जण आहेत.
पहिला, क्लोकेच्या कागद गिरणीजवळचा,
जूनपासून काहीतरी सांगतोय.